बाईंची जपानी बरणी

सुरुवातीलाच वाचकांची माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आयुष्यभर लिहिले ते जबाब आणि पंचनामे, आणि त्यांत 'सदर इसम' आणि 'नमूद ठिकाणी' याच्या पुढे भाषा जात नाही. बारावीवर पोलीस शिपाई म्हणून भरती झालो, खात्याच्या परीक्षा देत उपनिरीक्षक झालो, आणि निवृत्तीनंतर आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, तीही या वयात. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "सांगण्यासारखं काही असेल तर लिहा, चुकलं तर आपण दुरुस्त करू." त्या भरवशावर हे धाडस करतो आहे. नाव कुणाचंच लिहिलेलं नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका बरणीचा तपास मात्र कालच केल्यासारखा वाटतो.

तेव्हा मी कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्यात नेमणुकीला होतो. भातकापणी होऊन झोडणीही उरकत आली होती. एके सकाळी मुंबईहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. खालापूरच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर, नदीजवळ त्यांच्या चुलतीचा बंगला होता. तिथं त्या एकट्या राहत. आम्ही सगळे त्यांना 'बाई' म्हणूनच ओळखायचो. पंधरा-वीस दिवसांपूर्वी त्या वारल्या होत्या. अंत्यसंस्कार या पुतण्यानेच केले होते. आता त्याची तक्रार होती की बंगल्यातून एक बरणी चोरीला गेली आहे.

आमचे हवालदार भिसेगावचे, वयाने माझ्याहून मोठे. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "बरणी? लोणच्याची का साहेब?"

पुतण्याने मोबाइलवर फोटो दाखवला आणि किंमत सांगितली. हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

घटनास्थळाचा पंचनामा करायला आम्ही बंगल्यावर गेलो. बाईंचे वडील एका व्यापारी पेढीच्या कामासाठी जपानात, कोबे बंदरात राहिले होते. बाईंचा जन्म तिथलाच. तिथून आणलेली आणि पुढे आयुष्यभर जमवलेली मातीची भांडी त्यांनी एका खोलीत काचेच्या कपाटांत मांडली होती. पुतण्याने पडदा सरकवला आणि मी दारातच थांबलो. माझ्या घरी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटं होती. भांडं म्हणजे ज्यात खायचं ते, एवढीच माझी समज. इथं एका बशीवर निळ्या लाटा होत्या आणि लाटेच्या टोकावरचा फेस ठिपक्याठिपक्याने काढलेला होता. एक पेला इतका पातळ होता की खिडकीचा उजेड त्याच्या आरपार येत होता. आलुबुखाराच्या झाडाची फांदी, तिच्यावर पक्षी, पक्ष्याच्या पंखातली पिसं वेगवेगळी. हे सगळं हातानं काढलेलं, आणि ज्यांनी काढलं त्यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झालेली. पंच म्हणून आलेले दोघे गावकरी चपला बाहेर काढून आत आले. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मधल्या फळीवर एक गोल जागा रिकामी होती. कुलूप शाबूत, कपाट शाबूत, काच शाबूत. घराची किल्ली बाईंच्या माळ्याकडे असायची. हा माळी आणि त्याची बायको बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत. बाईंची सगळी सेवा शेवटपर्यंत त्या दोघांनीच केली होती.

कुलूप न तुटता वस्तू गेली की संशय घरातल्या माणसावर जातो. माझाही गेला. पण एक गोष्ट खटकत होती. चोर हाताला लागेल ते उचलतो. इथं शेजारी तितक्याच मोलाच्या वस्तू होत्या, त्यांना कुणी हात लावला नव्हता. ज्यानं नेली त्याला तीच एक बरणी हवी होती.

दोन दिवसांत खबर आली. भिवपुरीकडच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवणारा एक जण आमचा जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, "साहेब, बाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचा माळी नदीकडं चालला होता. उपरण्यात गुंडाळलेलं कायतरी गोल होतं. पोटाशी धरलं होतं, तान्हं पोर धरावं तसं. मी हाक मारली तर थांबला पण नाय."

माळ्याला ठाण्यात बोलावलं. साठीचा माणूस, अंगानं बारीक, नखांत माती. बाकावर बसायला सांगितलं तरी उभाच राहिला.

"बरणी तू नेलीस?"

"हां साहेब. मीच नेली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतक्या लवकर कबुली आली की पोलिसालाही चुकल्यासारखं होतं.

"कुणाला विकलीस?"

"विकली नाय."

"मग चोरलीस कशाला?"

"चोरली पण नाय साहेब."

"मग आहे कुठं?"

तो गप्प झाला. हवालदारांनी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं, चहा दिला. चहा प्यायला, पण बोलला नाही. शेवटी म्हणाला, "हाय तिथं नीट हाय. सांगितलं तर तुमी आणाल. मग बाईंचं काय?"

"बाई गेल्या रं बाबा," हवालदार म्हणाले.

"म्हनून तर," तो म्हणाला, आणि त्यानंतर एक शब्दही नाही.

खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. त्याला गोष्ट रचायची असते आणि रचलेली गोष्ट टेकू मागते. हा माणूस काहीच रचत नव्हता. फक्त एक दार लावून त्याला पाठ टेकून बसला होता.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नसते, नोटीस द्यायची असते. मी त्याला नोटीस दिली आणि रोज ठाण्यात हजर राहायला सांगितलं. पुतण्याला हे आवडलं नाही. "त्याला आत टाका, दोन तासांत ओकेल," असं तो म्हणाला. बरणीसाठी मुंबईचा एक संग्राहक ठरला होता आणि तो थांबायला तयार नव्हता. पुतण्याने माळ्याला खोली रिकामी करायला सांगितलं होतं. बरणी सापडली नाही तर माळी चोर ठरणार, छप्पर जाणार, आणि म्हातारपणी कोर्टाच्या फेऱ्या सुरू होणार, हे त्यालाही दिसत होतं. तरी तो रोज यायचा, हजेरी द्यायचा, जायचा.

त्याच्या बायकोला विचारलं तर ती तुळशीपाशी भांडी घासत म्हणाली, "माज्या नवऱ्याला मी सांगितलं, बोलून टाक. तर म्हनतो, शब्द दिलाय. आता तुमीच बघा, असल्या माणसाबरोबर मी जन्म काढला!" तिलाही जागा माहीत नव्हती.

आम्ही झडती घेतली. त्याची खोली, गोठा, विहीर पाहिली. शेजारच्या शेतातली पेंढ्याची उडवी उपसली. शेतकरी बडबडत होता, "बरणीपायी माजी उडवी इस्कटली, आता परत कोन रचनार?" दोन शिपाई बनियनवर उभे राहून पुन्हा रचायला लागले. मग नदीकाठ पाहिला. काठावर गावाचं स्मशान आहे, चार खांबांवर पत्रा आणि बाजूला करंजाचं जुनं झाड. त्या झाडाला पांढऱ्या कापडात बांधलेलं एक गाडगं लटकत होतं. आमच्याकडे रीत आहे. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात, पण घरात आणत नाहीत. गाडग्यात घालून, फडक्यात बांधून स्मशानातल्या झाडाला टांगतात, आणि विसर्जनाला नेईपर्यंत त्या तिथंच राहतात. आम्ही सगळ्यांनी झाडाखालून जाताना हात जोडले. हवालदार हळूच म्हणाले, "कुनाचं तरी लेकरू अजून यायचं ऱ्हायलंय."

आम्ही तिथून तीन-चार वेळा गेलो. दरवेळी हात जोडले.

एका दुपारी त्या गावचे पोलीस पाटील दुसऱ्याच कामासाठी ठाण्यात आले. चहा घेता घेता मी सहज विचारलं, "पाटील, अलीकडे गावात कोण गेलं?"

"कोन नाय साहेब. गणपतीनंतर एकबी मयत नाय. ती बंगल्यातली बाई सोडली तर."

मी कप खाली ठेवला. पाटलांना विचारलं, मग करंजाला टांगलेलं कुणाचं? ते विचारात पडले. कुणाचं तरी असेल, असंच सगळ्यांनी धरलं होतं. हे कुणी विचारत नाही. असल्या वस्तूकडे बोट दाखवायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

पुतण्याला फोन लावला. "बाईंच्या अस्थी कुणी सावडल्या?"

"अस्थी? मला त्याच दिवशी मुंबईला परत जावं लागलं. स्मशानवाल्यांनी केलं असेल ना ते."

आमच्या त्या स्मशानात 'स्मशानवाले' नसतात. पत्रा असतो आणि नदी असते. राहिला तो माळीच.

माळी हजेरीला आला होता. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणालो, "दादा, करंजाखाली जाऊ या का?" तोवर मी त्याला अरेतुरे करत होतो. तो दारापर्यंत गेला आणि वळला. मग म्हणाला, "खाली नका उतरवू साहेब. एवढंच करा."

आम्ही गेलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बातमी आमच्या आधी पोचली होती, त्यामुळे गावातली बरीच माणसं जमली होती. पंच फडक्याला हात लावायला तयार होईनात. मग माळीच झाडावर चढला, त्या वयातही खारीसारखा. त्यानं गाठ अशी सोडली की फक्त वरचं कापड खाली आलं. आत, आमच्या डोक्याच्या जरा वर, काथ्याच्या जाळीत बरणी टांगलेली होती.

वीतभर उंचीची, झाकणाची बरणी. रंग सायीसारखा. तिच्या पोटावर गोल फिरून लहान लहान मुलं खेळत होती, आमच्या करंगळीच्या नखाएवढी. कुणी भोवरा फिरवत होतं, कुणी पाठुंगळी बसलं होतं, दोघं कोंबडीमागे धावत होती. प्रत्येकाचा चेहरा निराळा, झग्यांवरची फुलंसुद्धा निराळी. काठावर सोन्याची वेल होती आणि पानांतून आलेलं ऊन तिच्यावर पडलं की ती पेटल्यासारखी दिसायची. वाऱ्यानं बरणी जरा फिरली, तशी मागची मुलं पुढे आली. ती मुलं पळत पळतच पुढे आल्यासारखी मला वाटली. माझ्या हातातला पंचनाम्याचा कागद तसाच राहिला. एका माणसानं, कुठल्या तरी खोलीत, एका केसाच्या ब्रशनं हे काढलं असेल. कुणासाठी, ते त्यालाही ठाऊक नसेल.

एक शिपाई कुजबुजला, "साहेब, ही तडकलीय. बघा, बारीक जाळं हाय सगळीकडं."

"तडकली नाय," माळी वरूनच म्हणाला. "बाई सांगायच्या, ती झिलईच तशी असते. मी पन पहिल्यांदा घाबरलो हुतो."

मग फांदीवर बसूनच त्यानं सांगितलं. बाईंना एकच मुलगी. ती परदेशात होती, आणि आईशी बरीच वर्षं बोलत नव्हती. शेवटच्या आजारात बाई त्याला म्हणाल्या होत्या, 'मला त्या मुलांच्या बरणीत ठेव. पोरगी येईपर्यंत कुणाला देऊ नकोस. तिच्यासमोरच नदीत सोड.' पुतण्या अस्थींना थांबला नाही. तिसऱ्या दिवशी यानं सावडल्या, बरणीत घातल्या आणि आपल्या रीतीप्रमाणे झाडाला टांगल्या. पुतण्याला सांगितलं असतं तर बरणी रिकामी होऊन त्याच दिवशी मुंबईला गेली असती.

तेवढ्यात पुतण्या गाडीतून उतरला. वर बघून म्हणाला, "सापडली ना? मग आत काय असेल ते काढा आणि द्या. माणूस खोळंबलाय."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. "का रं बाबा, चुलतीला हितं वतून डबा घेऊन जातोस व्हय? डबाच पायजे तर माज्या घरचा ने, तेलाचा हाय, रिकामाच पडलाय."

लोक हसले. पुतण्या लाल झाला आणि गाडीकडे वळला.

मी वरिष्ठांना फोन केला. मुद्देमाल सापडला की जप्त करावाच लागतो. पण अस्थी ठाण्यात कशा न्यायच्या, आणि ओतायच्या तरी कुणी? वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जागेवर जप्ती दाखवा, पाटलांच्या ताब्यात द्या आणि माणूस ठेवा." त्या रात्रीपासून करंजाच्या झाडाला पोलीस बंदोबस्त लागला.

"साहेब, झाडाला बंदोबस्त?" तरुण शिपाई तोंड वाकडं करून म्हणाला.

"मंत्री आले तेव्हा विचारलंस का, माणसाला बंदोबस्त कशाला म्हणून?" हवालदार म्हणाले. "उभा ऱ्हा गप. हितं निदान कोन भाषन करनार नाय."

बाईंच्या कर्जतच्या डॉक्टरांकडून मुलीचा नंबर मिळाला. पुतण्यानं तिला आई गेल्याचं कळवलं होतं, आणि सगळं उरकलं, येण्याची गरज नाही, असंही सांगितलं होतं. मी झाडाखालूनच फोन लावला. कोण बोलतंय ते सांगितलं, बरणीचं सांगितलं. मग तिनं विचारलं, "पतंग उडवणारा मुलगा आहे का बघता? झाकणाजवळ असेल."

मी मान वर करून पाहिलं. बरणी वळायची वाट पाहावी लागली. होता. हिरव्या झग्यातला, एक पाय उचललेला.

"आहे," मी म्हणालो.

"मी लहान असताना आईच्या मांडीवर बसून त्या सगळ्यांना नावं द्यायचे. तो मी होते." आणि ती रडायला लागली. नोकरीत मी पुष्कळ रडणं ऐकलं आहे. त्या वेळी मी फक्त फोन कानाशी धरून उभा राहिलो.

ती येते म्हणाली. पण तिच्या पासपोर्टाची मुदत संपली होती, त्यात दिवस जाऊ लागले. पुतण्यानं वकिलामार्फत अर्ज केला की मौल्यवान वस्तू उघड्यावर टांगून ठेवणं हा निष्काळजीपणा आहे. त्याचं म्हणणं कायद्यानं अगदीच चूक नव्हतं. मला रोज खुलासा द्यावा लागे. आणि याच सुमारास माझी बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, ताबडतोब हजर होण्याच्या आदेशासह. निघण्याआधी मी झाडाखाली गेलो. माळी तिथंच बसलेला होता. मी म्हणालो, "दादा, मी चाललो. पण हवालदार आहेत."

तो म्हणाला, "जावा साहेब. पोरगी येनार. बाईंनी सांगितलंय ना."

त्या शब्दांत जी खात्री होती ती मी कुठल्याही साक्षीदारात पाहिली नाही.

या तपासानं मला काय शिकवलं, हे नीट मांडता येईल की नाही, शंका आहे. एवढं कळलं की गप्प बसणारा प्रत्येक माणूस काही लपवत नसतो. कधी कधी तो काहीतरी सांभाळत असतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. त्यातला फरक ओळखायला माझ्याकडे कुठलं कलम नव्हतं. दुसरं असं की ज्यानं ती मुलं रंगवली आणि ज्यानं ती गाठ मारली, ते दोघे मला एकाच जातकुळीचे वाटतात. कारण दोघांनीही आपलं काम कुणी बघतं आहे का, हे पाहिलं नाही. हे लिहिताना मोठा शब्द वापरल्यासारखं वाटतं, पण दुसरा शब्द मला येत नाही.

कागदोपत्री पुढे जे व्हायचं ते झालं. चोरी झालेलीच नाही, गैरसमजातून तक्रार झाली, म्हणून 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, मंजूर झाली आणि कोर्टाच्या हुकमानं बरणी मुलीला मिळाली. ते मला बऱ्याच नंतर कळलं. त्याआधी मी वाट पाहत होतो ती वेगळ्या बातमीची. नव्या जिल्ह्यात एका जत्रेच्या बंदोबस्तात उभा असताना हवालदारांचा फोन आला. मागे ढोल वाजत होते म्हणून मी एक कान बंद करून बाजूला गेलो.

"साहेब, पोरगी आली."

"मग?"

"सकाळीच आली. झाडाखाली उभी ऱ्हायली. माळ्यानं वरून बरणी उतरवली, तिच्या हातात दिली. लय वेळ धरून उभी हुती. आमाला वाटलं आता पाण्यात उतरंल. तर तिनं बरणी परत त्याच्याच हातात दिली. म्हनाली, 'दादा, आईचं सगळं तुम्हीच केलंत. हेही तुम्हीच करा. मी तुमच्या मागं उभी राहते.'"

"आणि तो?"

"तो नाय नाय म्हनाला. म्हनला, मी माळी हाय, माजा काय हक्क? पुतन्या पन आलता, तो कायतरी बोलनार तेवढ्यात सगळा गाव एकदम बोलला, 'सोड रं दादा, तूच सोड.'"

ढोल नेमके थांबले होते.

"सोडलं साहेब त्यानं बाईंना नदीत."